पंच नसलेल्या कोर्टावर

क्लबच्या टेनिस सामन्याला बहुधा पंच नसतो. अशा वेळी जाळीच्या आपल्या बाजूला पडलेल्या चेंडूचा निवाडा आपणच द्यायचा, तोही लगेच आणि मोठ्याने. शंका असेल, तर गुण प्रतिस्पर्ध्याचा. ‘नीट दिसला नाही, परत खेळू’ ही पळवाट नियमात बसत नाही. रविवारी सकाळी मात्र सर्रास ऐकू येते. सर्व्हिस करणाऱ्याने प्रत्येक गुणाआधी स्कोअर मोठ्याने सांगितला, तर बरीच भांडणं होतच नाहीत. दुसऱ्यांच्या कोर्टामागून जायचं ते गुण संपल्यावर.

तब्येतीचा हिशेब याहून कडक हवा. अंगात ताप असताना खेळू नये. विषाणूजन्य आजारात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, दरदरून घाम यांपैकी काही जाणवलं, तर सेट तिथेच सोडा. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत कुणी खेळतच राहिला, तर जोडीदाराने खुशाल रॅकेट काढून घ्यावी. एखादा कोसळला, शुद्ध हरपली आणि श्वास नीट चालत नसेल, तर महाराष्ट्रात १०८ ला फोन लावा आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यायला लागा. प्रत्येक बॅचमधल्या दोघा-तिघांनी तरी हे प्रशिक्षण घ्यावं.