मेटार कसा वाचायचा?

काल विमानतळावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "मोबाइलवर हे आकडे कसले बघताय?" तो होता 'मेटार', विमानतळाचा ताजा हवामान अहवाल. मुंबईचा दर अर्ध्या तासाने येतो.

पावसाळ्यातल्या अहवालाचा एक भाग बघा:
२५०१८केटी १५०० आरए २७/२६ क्यू१००२

२५०१८केटी: वारा २५० अंशांवरून, म्हणजे साधारण पश्चिम-नैऋत्येकडून, वेग १८ नॉट, ताशी सुमारे ३३ किमी.

१५००: दृश्यमानता, मीटरमध्ये.

आरए: पाऊस.

२७/२६: तापमान आणि दवबिंदू. मी आधी इथेच बघतो. दोन्ही जवळ आले की हवा बाष्पाने भरलेली. थंडीत पहाटे वारा पडलेला असताना असं दिसलं, तर धुक्याची शक्यता.

क्यू१००२: हवेचा दाब, हेक्टोपास्कलमध्ये. यावरच वैमानिक उंचीमापक जुळवतात.

अहवालातली वेळ यूटीसी असते. भारतीय वेळेसाठी त्यात साडेपाच तास मिळवा.

तुमच्या जवळच्या विमानतळाचा मेटार उघडून बघा. काही अडलं तर बिनधास्त विचारा!