शिकारी रायफलीची कीर्ति आणि कसोटी

जुन्या संस्थानी राजवाड्यांतील शिकारखाना ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना कांचेच्या कपाटांत ओळीनें उभ्या केलेल्या रायफली आठवत असतील. आक्रोडाच्या लांकडाचा गुळगुळीत दस्ता, पोलादावर कोरलेली वेलबुट्टी आणि त्यांवर लंडनच्या किंवा बर्मिंगहॅमच्या एखाद्या नामांकित पेढीचें नांव. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स हीं नांवें शिकारी मंडळींत एके काळीं घराण्याच्या नांवांसारखीं उच्चारलीं जात. आजही अशी नवी दुनळी रायफल घेणारास एखाद्या मोटारगाडीहून अधिक पैसे मोजावे लागतात. तेव्हां सहज प्रश्न उद्भवतो कीं, ही कीर्ति कपाटांतली कीं रानांतली? आणि एवढ्या द्रव्याच्या मोबदल्यांत शिकाऱ्याच्या हातीं नेमकें काय पडतें?

वेलबुट्टीनें सावज पडत नाहीं, हें उघडच आहे. खरें मोल आंतल्या कामांत असतें. दुनळी रायफल म्हणजे एका दस्त्यावर बसविलेल्या जणूं दोन स्वतंत्र बंदुका होत. नळ्या दोन, चाप दोन आणि ठिणगी पाडणारीं यंत्रेंही दोन. एकाची कमान ऐनवेळीं तुटली तरी दुसरें यंत्र शाबूत राहतें, आणि दुसरी गोळी झाडण्यासाठीं केवळ बोट एका चापावरून दुसऱ्यावर न्यावें लागतें. परंतु दोन नळ्या शेजारीं शेजारीं बसविल्या म्हणजे त्यांच्या गोळ्या आपोआप एकाच ठिकाणीं लागतात असें नाहीं. कारागीर नळ्यांच्या तोंडांमध्यें एक बारीक पाचर बसवितो, गोळ्या झाडून पाहतो, डाक वितळवून पाचर किंचित् सरकवितो, आणि पुन्हां झाडून पाहतो. ठराविक अंतरावर दोन्ही नळ्यांचा नेम जुळेपर्यंत हा उद्योग चालतो. शिवाय हा मेळ एका विशिष्ट काडतुसासाठींच असतो. गोळीचें वजन किंवा दारूचें प्रमाण बदललें कीं तो बिघडतो. त्यामुळें हजारोंची रायफल घेऊन मिळेल तें काडतूस भरणारा मनुष्य आपले पैसे व्यर्थ घालवितो.

शक्तीविषयीं लोकांत पुष्कळ गैरसमज आहेत. जेम्स पर्डी यानें १८५६ मध्यें आपल्या वेगवान गोळीच्या रायफलीला ‘एक्स्प्रेस ट्रेन’ असें नांव दिलें, तेव्हांपासून ‘एक्स्प्रेस’ हा शब्द रूढ झाला. पुढें कॉर्डाइट नांवाची बिनधुराची दारू आली आणि १८९८ मध्यें रिग्बीनें .४५० बोअरची ‘नायट्रो एक्स्प्रेस’ काढली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सरकारनें हिंदुस्थानांत .४५० बोअरला बंदी केली. या गोळ्या बंडखोरांच्या हातीं लागून जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांच्या उपयोगीं पडतील, ही त्यामागची भीति होती. मग कारागिरांनीं .४६५, .४७०, .४७६ अशीं नवीं मापें काढलीं. पैकीं .४७० चें नांव पुढें फार गाजलें. परंतु या दोन मापांच्या जोरांत विशेष अंतर नव्हतें. एकाची जागा दुसऱ्यास मिळाली ती रानांतील अनुभवानें नव्हे, सरकारी हुकुमानें.

उलट एका बाबतींत या पेढ्यांची कीर्ति सर्वस्वीं रास्त होती. कॉर्डाइट उष्णतेनें अधिक जोरानें पेट घेतें. इंग्लंडच्या थंड हवेंत ठीक चालणारें काडतूस आपल्याकडील वैशाखाच्या उन्हांत तापलें कीं नळींतील दाब वाढतो, आणि पितळेची रिकामी पुंगळी आंत घट्ट चिकटून बसते. जखमी वाघ समोर असतां पुंगळी निघूं नये, याहून मोठें संकट कोणतें? म्हणून जाणत्या कारागिरांनीं पुंगळी मुद्दाम मोठी ठेवली आणि दाब कमी राखला. .४७० चें अवजड काडतूस किंवा रिग्बीनें १९११ मध्यें काढलेलें .४१६ चें काडतूस पाहणाऱ्यास गरजेपेक्षां मोठें वाटतें, पण तो मोठेपणा डामडौल नसून उष्ण देशांतली खबरदारी आहे.

मग मोठी गोळी म्हणजे निश्चित मृत्यु, हा समज कितपत खरा? याचें उत्तर आफ्रिकेंतील एका शिकाऱ्यानें दिलें. डब्ल्यू. डी. एम. बेल (१८८०–१९५४) यास युगांडांतील करामोजा प्रांतावरून ‘करामोजो बेल’ म्हणत. त्यानें हजारावर हत्ती मारले, आणि त्यांतील बहुतेक मोठ्या दुनळीनें नव्हे, तर सात मिलिमीटरच्या, म्हणजे .२७५ बोअरच्या साध्या एकनळी रायफलीनें. .४७० ची गोळी वजनांत पावणेतीन तोळ्यांहून किंचित् अधिक भरते, तर बेलची गोळी तोळाभरही नव्हती. परंतु त्यानें हत्तीची कवटी करवतीनें कापून मेंदू नेमका कोठें असतो याचा अभ्यास केला होता. त्याची गोळी अखंड धातूच्या कवचाची असे, त्यामुळें ती हाडावर न फुटतां सरळ आंत जाई. शिवाय त्याचा नेम असामान्य होता. बेलचें उदाहरण मात्र सर्वांस लागू करणें धोक्याचें आहे. आफ्रिकेंतील अनेक देशांनीं पुढें हत्तीसारख्या भयंकर जनावरांसाठीं .३७५ ही किमान मर्यादा घातली, ती सामान्य शिकाऱ्याकडे पाहूनच.

बेलची रायफल माउझर पद्धतीची होती, आणि तिच्यामागें जर्मन कारागिरीची वेगळीच कीर्ति उभी होती. १८९८ च्या माउझर यंत्रांत पोलादाचा एक लांब आंकडा असतो. काडतूस पेटींतून वर येतांच तो त्याची कड पकडतो आणि पुंगळी बाहेर फेंकली जाईपर्यंत सोडीत नाहीं. त्यामुळें घाईंत, तिरप्या हातानेंही यंत्र सहसा अडकत नाहीं. अमेरिकेंतील विंचेस्टर कंपनीच्या १९३६ मधील ‘मॉडेल ७०’ रायफलीनें हाच गुण घेतला आणि मोठा लौकिक मिळविला. परंतु १९६४ मध्यें खर्च वांचविण्यासाठीं कंपनीनें तो आंकडा काढून टाकला व इतर कामांतही काटकसर केली. नांव तेंच राहिलें, पण शिकारी लोक फसले नाहींत. त्यांनीं १९६४ पूर्वींच्या जुन्या रायफलींना चढे भाव दिले, आणि अखेर १९९० नंतरच्या दशकांत कंपनीला तो आंकडा परत आणावा लागला. कीर्ति कामाच्या मागून चालते, नांवाच्या मागून नव्हे, याचा याहून चांगला दाखला क्वचितच सांपडेल.

आपल्या देशांत या सर्व गोष्टींची कसोटी जिम कॉर्बेट (१८७५–१९५५) यांच्या चरित्रांत पाहावयास मिळते. कुमाऊंमधील चंपावतच्या नरभक्षक वाघिणीनें ४३६ माणसें मारल्याचें सांगतात. १९०७ मध्यें कॉर्बेटनीं तिला गांठलें तेव्हां त्यांच्यापाशीं .५०० बोअरची रायफल होती, पण काडतुसें तीनच. तीं संपलीं आणि वाघीण जखमी होऊन खडकावर उभी राहिली. कॉर्बेटनीं धांवत जाऊन बरोबरच्या तहसीलदाराची जुनाट बंदूक घेतली. तिच्या नळ्या आणि मागचा भाग यांमध्यें चक्क फट पडलेली होती. नेम धरला वाघिणीच्या तोंडावर, आणि गोळी लागली पंजावर. आधींच्या जखमांनीं वाघीण मरणोन्मुख झाली होती, म्हणूनच निभावलें. पुढें संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनीं नैनितालच्या दरबारांत तहसीलदारास बंदूक बक्षीस दिली, आणि कॉर्बेटना याच पराक्रमाबद्दल त्यांच्याकडून रिग्बीची .२७५ रायफल मिळाली. तिच्या दस्त्यावर या प्रसंगाचा उल्लेख असलेला रुप्याचा पत्रा आहे.

ही हलकी रायफल पुढें अनेक वर्षें कॉर्बेटना साथ देत राहिली. ११ एप्रिल १९३० रोजीं चौगढच्या नरभक्षक वाघिणीशीं त्यांची गांठ पडली, तेव्हां त्यांच्या डाव्या हातांत रातव्या पक्ष्याचीं दोन अंडीं होतीं आणि उजव्या हातांत हलकी रायफल. वळून पाहतात तों वाघीण जेमतेम आठ फुटांवर! घाईनें हालचाल केली तर ती झेंपावणार. म्हणून त्यांनीं एकाच हातानें रायफलीचें तोंड हळूहळू फिरविलें आणि गोळी झाडली. रायफल हलकी होती म्हणूनच हें साधलें, असें कॉर्बेटनीं स्वतः नमूद केलें आहे. दहा-अकरा पौंडांची दुनळी असती, तर ती एका हातानें अशी फिरविणें आणि तिचा धक्का सोसणें दोन्ही अशक्य होतें. राजवाड्यांतील कपाटांत जी रायफल सर्वांत दुय्यम दिसली असती, तिनेंच त्या दिवशीं प्राण वांचविले.

भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी झाली, तेव्हां हा सारा विचार आतां जुन्या इतिहासाचा वाटेल. परंतु त्यांतील एक गोष्ट विसरण्यासारखी नाहीं. चंपावतच्या वाघिणीला मारल्यावर कॉर्बेटनीं तिचें तोंड उघडून पाहिलें. उजवीकडचा वरचा सुळा अर्धा मोडलेला आणि खालचा मुळापासून तुटलेला होता. कोणा अज्ञात शिकाऱ्याच्या गोळीची ती जखम होती. त्या जखमेमुळें तिला नेहमींचें सावज मारतां येईना, आणि ती माणसांकडे वळली. तो शिकारी कोण आणि त्याची बंदूक किती किंमतीची, हें कधींच कळलें नाहीं. त्याची गोळी वाया गेली असती तरी चाललें असतें. पण ती अर्धवट लागली, आणि तिची किंमत डोंगरांतल्या गांवोगांवच्या लोकांनीं मोजली.

उत्तम रायफलीची कीर्ति म्हणून एवढ्याचसाठीं सार्थ मानावी कीं, नेम धरणाऱ्याच्या हाताला ती दगा देत नाहीं. हात कच्चा असेल, धीर सुटत असेल, जनावराच्या देहाची माहिती नसेल, तर ती उणीव लंडनच्या कोणत्याही कारागिराला भरून काढतां आली नाहीं. गोळी सुटल्यानंतर नळीवरचें नांव वाघाला वाचतां येत नाहीं.