स्तनाची पुनर्रचना : लेखांक ५ – नळीतून येणारे पाणी

स्तन काढून त्या जागी नवा उभार घडवताना त्वचा खालच्या थरांपासून सुटी करावी लागते. त्यातून पोकळी उरते आणि कापल्या गेलेल्या लसिकावाहिन्या व बारीक रक्तवाहिन्यांतून पाझरणारा द्राव तिच्यात साचतो. तो बाहेर काढण्यासाठी एक-दोन नळ्या बसवतात. त्यांच्या टोकाला दाबून बंद केलेला डबा असतो. तो फुलू पाहतो, त्या ओढीने द्राव बाहेर येतो. डबा पूर्ण फुलला की ओढ संपते, म्हणून तो रिकामा करून पुन्हा दाबून लावायचा. आतली पोकळी मिटून त्वचा स्नायूला चिकटावी, हे या खटाटोपाचे खरे कारण.

द्राव आधी लाल, मग गुलाबी, शेवटी पिवळसर होतो. चोवीस तासांत साधारण ३० मिलिलिटरपेक्षा कमी, असे सलग दोन दिवस भरले की बहुतेक शल्यविशारद नळी काढतात. नळी लवकर काढली तर पाणी साचते, फार दिवस ठेवली तर जंतू आत शिरायला वाट मिळते. म्हणूनच रोजच्या मापाची वही महत्त्वाची.

सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली भागांत खान्देशातून आलेली असंख्य कुटुंबे राहतात. शस्त्रक्रिया शहरात आणि विश्रांतीला उधना–जळगाव मार्गाने नंदुरबार किंवा अमळनेरकडे, असा बेत अशा घरात सहज ठरतो. नळी असताना तो लांबणीवर टाकलेला बरा. डबा पदराआड लपवताना नळीला पीळ पडतो. डबा छेदाच्या खाली, कमरेशी बांधावा. पाण्याची कळशी उचलणे काही आठवडे बंदच.

पहिल्या चोवीस तासांतला मोठा धोका रक्त साचण्याचा. डबा गडद रक्ताने भराभर भरतो, छाती ताठरते. कधी मात्र गुठळीने नळीच तुंबते आणि डबा रिकामा दिसतो. रिकामा डबा पाहून निश्चिंत होणे ही नेहमीची चूक. पोटाची किंवा पाठीची त्वचा वापरली असेल, तर नव्या स्तनाचा रंगही पाहावा लागतो. निळसर झाक म्हणजे रक्त परतत नाही, फिकट व थंड म्हणजे पोचत नाही. दोन्हींत तासांचा हिशेब असतो.

पाणी साचण्याचे प्रमाण पाठीचा स्नायू पुढे आणण्याच्या पद्धतीत सर्वाधिक, तेही बहुधा पाठीवरच. इटलीच्या इजिनिओ तान्सिनी यांनी १९०६ मध्ये वर्णिलेली ही पद्धत आजही वापरात आहे. पोकळी मिटवण्यासाठी आतून गोधडीसारखे टाके घालतात. नळी निघाल्यावर हाताखाली पाणी डुचमळले, तरी थोडे असल्यास ते आपोआप जिरते. जास्त असेल तर डॉक्टर सुईने काढतात. सिलिकॉन इम्प्लांट असेल तर लाली, ताप, गढूळ द्राव यांकडे लगेच पाहावे लागते, कारण जंतुसंसर्ग वाढल्यास इम्प्लांट काढावे लागते आणि केमोथेरपीही लांबते.

इम्प्लांटनंतर वर्ष उलटून गेल्यावर अचानक भरणारे पाणी मात्र वेगळे. खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती क्वचित एक प्रकारचा लिम्फोमा होतो. याच कारणाने अ‍ॅलर्गन कंपनीने २०१९ मध्ये आपली अशी इम्प्लांट जगभरातून मागे घेतली. हा द्राव नुसता काढून फेकायचा नसतो, पेशींच्या तपासणीला पाठवायचा असतो.