बागेचं आरक्षण कुठे हरवतं?

गेल्या वेळी वेळ संपत आली असताना मागच्या रांगेतून एक प्रश्न आला होता, आणि मी तो आजच्यावर ढकलला होता. प्रश्न असा, की शहराच्या विकास आराखड्यात आमच्या घरामागचा तुकडा हिरवा दाखवलाय, त्यावर ‘उद्यान’ असं लिहिलंय. प्रत्यक्षात तिथे कित्येक वर्षं पत्र्याचं कुंपण आणि गवत आहे, आणि आता तिथे इमारत होणार म्हणतात. मग बाग नको, हे ठरवलं कोणी?

आपल्याला वाटतं, कुठेतरी सभा झाली असेल, कोणीतरी ‘बाग रद्द’ असा ठराव मांडला असेल, हात वर झाले असतील. बऱ्याचदा असं काहीच घडत नाही. बाग जायला ठराव लागतोच असं नाही, ठराव न होणंही पुरतं. हे कसं, ते आज बघू.

आधी दोन शब्द वेगळे करून घेऊ, कारण वर्तमानपत्रांतही त्यांची सरमिसळ होते. एक ‘झोन’ आणि दुसरा ‘आरक्षण’. झोन म्हणजे एखाद्या पट्ट्यात काय चालेल आणि काय चालणार नाही: रहिवासी, व्यापारी, औद्योगिक, शेती. जमीन ज्याची आहे त्याचीच राहते, फक्त वापरावर बंधन येतं. आरक्षण ही पुढची गोष्ट. ‘ही जमीन आम्हांला शाळेसाठी, बागेसाठी, दवाखान्यासाठी हवी आहे, आम्ही ती घेणार आहोत’ असं महापालिका जाहीर करते. घेणार आहोत, घेतली नाही. सगळी गोम इथे आहे. नकाशावर हिरवा रंग चढला, तरी सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर नाव जुन्याच मालकाचं असतं. त्याला तिथे काही बांधता येत नाही, आणि महापालिकेने त्याला अजून दमडीही दिलेली नसते.

मग हे किती दिवस चालायचं? याचं उत्तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६, म्हणजे बोलण्यात आपण ज्याला ‘एमआरटीपी’ म्हणतो, त्याच्या कलम १२७ मध्ये आहे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो: घ्या, नाहीतर सोडा. नोटीस मिळाल्यावर महापालिकेला पूर्वी सहा महिने मिळायचे, मग बारा झाले, २०१५ च्या दुरुस्तीनंतर चोवीस. तेवढ्यातही संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं. ‘व्यपगत’ हा कायद्यातला शब्द. साध्या भाषेत, आपोआप गळून पडतं. आणि त्या जमिनीवर शेजारच्या जमिनीवर जे चालतं ते चालू शकतं. शेजारी निवासी सोसायट्या असतील, तर बागेच्या जागी सोसायटी.

आता, हे कलम अन्यायाचं आहे असं मला वाटत नाही, हेही सांगून टाकतो. कोणाची तरी दहा गुंठे जमीन आहे, वडिलांच्या नावावर होती, मुलाच्या नावावर आली. विकता येत नाही, बांधता येत नाही, पैसे मिळत नाहीत. त्याने किती पिढ्या आपल्या सार्वजनिक हिताची वाट बघायची? बाग आपल्याला हवी आणि किंमत त्याने मोजायची, हे काही बरोबर नाही. तेव्हा दोष शोधायचा तर या कलमात नको, त्या दहा आणि दोन वर्षांत काय होतं तिथे शोधू.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा २००७ चा निकाल आहे, गिरनार ट्रेडर्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य. मुद्दा असा होता, की ‘पावलं उचलली’ असं कधी म्हणायचं? महापालिका म्हणते, आम्ही ठराव केला, शासनाला प्रस्ताव पाठवला, हे पाऊलच नाही का? बहुमताचा निकाल आला: नाही. नुसता ठराव आणि पत्र पुरत नाही, प्रत्यक्ष संपादनाकडे नेणारी कृती हवी. याचा व्यावहारिक अर्थ लक्षात घ्या. मुदत संपत आली की घाईघाईने एक विषय मंजूर करायचा आणि ‘आम्ही आमचं काम केलं’ म्हणायचं, ही पळवाट बंद झाली. पैसे आणि प्रक्रिया, दोन्ही वेळेवर तयार पाहिजेत.

आणि पैसे म्हटलं की आपण स्थायी समितीत येतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखालच्या शहरांत या समितीत १६ सभासद असतात. आयुक्त अंदाजपत्रक आधी त्यांच्यापुढे मांडतात, समिती त्यात फेरफार करते, मग ते मुख्य सभेत जातं. ‘भूसंपादन’ या शीर्षाखाली एक आकडा असतो. एप्रिलमध्ये तो चांगला दिसतो. पुढे वर्षभर काय होतं, ते पाहायचं तर एक शब्द शिकून घ्या: वर्गीकरण. आपण शाळेत शिकलो ते वर्गीकरण नव्हे. महापालिकेच्या भाषेत वर्गीकरण म्हणजे एका शीर्षाखालचा पैसा उचलून दुसऱ्या शीर्षाखाली ठेवणं. संपादनाचं काम रेंगाळतं, रक्कम पडून राहते, आणि जानेवारी-फेब्रुवारीत त्यातली काही रस्त्याच्या डांबरीकरणाला, काही कमानीला, काही बाकड्यांना जाते. प्रत्येक विषय एका ओळीचा. कधी तो ‘आयत्या वेळचा विषय’ म्हणून येतो, म्हणजे कार्यपत्रिकेत आधी छापलेलाच नसतो. त्या ओळीत बागेचं नावही नसतं. पण दोन वर्षांनी नोटीस आली की तिजोरीत पैसे नाहीत, याचं मूळ तिथे असतं.

समाजोपयोगी कामांच्या पैशाचंही काही प्रमाणात असंच. महिला-बालकल्याण, दिव्यांग कल्याण यांच्यासाठी अंदाजपत्रकात ठरावीक टक्का राखून ठेवावा लागतो, त्यामुळे तो पैसा कागदावर तरी सुरक्षित. बाकी विरंगुळा केंद्र, अभ्यासिका, समाजमंदिर ही कामं नगरसेवकांच्या यादीतून येतात. पुण्यात तिला ‘स’ यादी म्हणतात. यात एक गंमत आहे. इमारत बांधायला पैसे मिळतात, कारण कोनशिलेवर नाव येतं. अभ्यासिकेच्या राखणदाराचा पगार, दिवे, झाडूवाला यांवर कोणाचं नाव कोरत नाहीत.

आता मोठं उदाहरण घेऊ, पुण्यातल्या टेकड्यांचं. १९९७ ला आसपासची गावं पालिकेत आली. पुढे त्यांतली काही वगळली, २३ राहिली. या गावांच्या आराखड्यात टेकडीमाथा आणि उतार मिळून सुमारे ९७८ हेक्टरवर ‘जैववैविध्य उद्यान’ असं आरक्षण प्रस्तावित झालं. नागरिकांनी जोर लावला, वाद झाले, फाइल मंत्रालयात राहिली. शासनाची मंजुरी आली २०१५ ला. म्हणजे गावं आली त्यानंतर अठरा वर्षांनी. आणि जमीनमालकांना मोबदला काय? ८ टक्के टीडीआर. दहा हजार चौरस फूट जमीन दिली तर आठशे चौरस फूट बांधकामाचा हक्क. साध्या आरक्षणात निदान जमिनीइतका तरी हक्क मिळतो. मालक या दराला का तयार होत नाहीत, हे सांगायला नगररचनाकार लागत नाही. टेकडी वाचली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती ८ टक्क्यांत वाचेल असं मानणं भाबडेपणाचं होतं, आणि २०१५ पासून दहा वर्षं मोजली तर ती २०२५ ला भरली.

उघड बदलाचा मार्गही आहे, कलम ३७. आराखड्यात फेरबदल करायचा तर मुख्य सभेचा ठराव, जाहीर सूचना, एक महिना हरकती-सूचना, मग शासनाची मंजुरी. ही सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येते, आणि सर्व्हे नंबर वाचून आपली बाग ओळखणारे लोक विरळा.

फेरबदल दुसऱ्या चांगल्या कामासाठी असेल तर? ‘बाग काय करायची, तिथे रुग्णालय होतंय’ असं म्हटलं की विरोध करणाराच वाईट ठरतो. या प्रश्नाचं सगळ्यांत स्पष्ट उत्तर आपल्या राज्याबाहेरून आलं, पण ते सर्वोच्च न्यायालयाचं असल्यामुळे इथेही लागू आहे. बंगळूरच्या राजमहल विलास विस्तारात उद्यानासाठी ठेवलेली जागा मुख्यमंत्र्यांच्या सूचनेवरून एका खासगी ट्रस्टला इस्पितळासाठी दिली गेली. रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ ला निकाल लागला: बाग आणि खासगी इस्पितळ ही एकाच मापाची सोय नाही, एकाच्या बदली दुसरं देता येणार नाही. आणि शेजारच्या रहिवाशांना त्यासाठी दाद मागण्याचा हक्क आहे. तेव्हा ‘तुमची जमीन नाही, तुम्ही कोण विचारणारे’ असं कोणी म्हणालं तर हा निकाल लक्षात ठेवा.

मार्च २०२२ मध्ये मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक होते. त्या काळात स्थायी समितीचा अधिकार प्रशासकाचा, मुख्य सभेचाही त्याचाच. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. नगरसेवकांबद्दल आपण कितीही कुरकुर केली, तरी सभागृहात निदान एखादा उठून ‘हे वर्गीकरण कशाला?’ विचारत असे, आणि ते इतिवृत्तात येत असे.

(श्रोत्यांतून प्रश्न: मग आम्ही नेमकं काय विचारायचं?)

हो, बरं झालं विचारलंत. ‘आमच्या बागेचं काय झालं’ असं विचारू नका, त्याला ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढंच उत्तर येतं. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करा आणि तीन कागद मागा. एक, त्या सर्व्हे नंबरवर कलम १२७ ची नोटीस आली आहे का, आणि कोणत्या तारखेला. दोन, नोटिशीनंतर भूसंपादनाचा प्रस्ताव कोणाकडे, कधी गेला. तीन, गेल्या दोन वर्षांत भूसंपादनाच्या शीर्षातून कुठे कुठे वर्गीकरण झालं, त्या ठरावांच्या प्रती. पहिल्या कागदावरची तारीख मिळाली की त्यात चोवीस महिने मिळवा आणि कॅलेंडरवर खूण करा. मला भेटलेल्या बऱ्याच लोकांना ती तारीख कळली तेव्हा ती उलटून गेलेली होती.