वाढणी कोणाच्या मापाची?

लातूरच्या गंजगोलाईत काय किंवा नांदेडच्या वजिराबादेत काय, किराणा दुकानाच्या दाराशी आज चिवडा, शेव आणि बिस्किटे यांच्या पुड्यांच्या माळा लोंबत असतात. आणि ज्या मुलखात डोळ्यांदेखत तागडीत तोलून कागदात बांधून दिलेला जिन्नसच काय तो खात्रीचा मानला जाई, तेथे आता मालाच्या गुणदोषांचा सगळा हवाला पुडीच्या पाठीवरील बारीक अक्षरांवर येऊन ठेपला आहे. त्या अक्षरांतील एकाच आकड्याविषयी मला लिहावयाचे आहे. तो आकडा म्हणजे ‘सर्व्हिंग’, अर्थात एका वेळची वाढणी.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक विनियमांनुसार १०० ग्रॅम पदार्थात ऊर्जा, साखर, स्निग्धांश आणि सोडियम किती आहे हे तर छापावे लागतेच, शिवाय एका वाढणीतून प्रौढ माणसाच्या दैनंदिन प्रमाणाचा शेकडा किती भाग पोटात जातो हेही नमूद करावे लागते. हे प्रमाण २००० किलोकॅलरी ऊर्जा, ६७ ग्रॅम स्निग्धांश, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम आणि सोडियम २००० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ, असे धरलेले आहे. येथवर सारे यथायोग्य आहे. परंतु ती एक वाढणी किती ग्रॅमची धरावयाची, हा निर्णय बहुतांशी उत्पादकाच्याच अखत्यारीत राहतो, आणि हिशेबाची सारी मेख तेथेच आहे.

समजा, चिवड्याच्या २०० ग्रॅमच्या पुडीत दर शंभर ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम आहे. वाढणी २० ग्रॅमची धरली की टक्केवारी येते अवघी ८; तीच ४० ग्रॅमची धरली तर १६. चिवडा तोच, मीठ तेच. आणि संध्याकाळच्या चहाबरोबर दोघांनी मिळून ती पुडी संपवली, जे आपल्या घरांत नित्य घडते, तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाच्या प्रमाणापैकी ४० टक्के सोडियम एका बैठकीत येते. आणि दोन वेळच्या वरणभाजीतले व ठेच्यातले मीठ त्यावेगळे. छापलेला आकडा खोटा नसतो, पण वाढणी लहान धरल्यामुळे तो वाचणाऱ्याची समजूत मात्र चुकीची होते.

अमेरिकेत १९९० च्या कायद्याने वाढणीची व्याख्याच अशी केली की लोकांनी किती खावे ते नव्हे, तर लोक एका वेळी वस्तुतः किती खातात ते माप धरावे. आणि त्यासाठी आहाराच्या पाहणीवरून प्रत्येक पदार्थाची प्रमाणे शासनाने ठरवून दिली. लोकांचे खाणे वाढले असे दिसून आल्यावर २०१६ मध्ये आइस्क्रीमची वाढणी अर्ध्या कपावरून दोन-तृतीयांश कपावर नेण्यात आली. वाढणी ही निरीक्षणातून यावी, विक्रेत्याच्या सोयीतून नव्हे, हे तत्त्व मला निःसंशय योग्य वाटते.

त्या २००० किलोकॅलरींचाही विचार करावयास हवा. मराठवाडा १९४८ पर्यंत ज्या हैदराबादच्या निजामाच्या अमलाखाली होता, त्याच शहरात १९५८ मध्ये कुन्नूरहून येऊन स्थिरावलेली राष्ट्रीय पोषण संस्था भारतीयांच्या आहाराची कोष्टके सिद्ध करते. तिच्या २०२० च्या कोष्टकात बैठे काम करणाऱ्या स्त्रीची गरज १६६० किलोकॅलरी, तशाच पुरुषाची २११०, तर जड अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाची ३४७० अशी दिली आहे. म्हणजे सोयाबीनच्या काढणीला भर उन्हात राबणारा औसा-उदगीरकडचा मजूर आणि नांदेडच्या कचेरीत दिवसभर टेबलाशी बसणारी भगिनी या दोघांनाही पुडी एकच टक्केवारी सांगते.

पायली आणि शेर गावोगाव निराळे भरत, म्हणून १९५६ च्या कायद्याने वजनमापे देशभर एक झाली आणि १९५८ पासून दशमान वजने अंमलात येऊ लागली. शेव, चिवडा, बिस्किटे यांच्या वाढणीलाही तसेच ठरीव माप मिळाले पाहिजे. आणि लेबलाचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की कायद्याचे समाधान होते, मराठी ऐच्छिक राहते, ही उणीवही दूर झाली पाहिजे.

तोवर वाचकांस माझी विनंती इतकीच की, वाढणीची टक्केवारी सोडून शंभर ग्रॅमचा रकाना वाचावा, आणि आपल्या घरच्या नेहमीच्या वाटीत चिवडा किती ग्रॅम मावतो, हे ओळखीच्या दुकानदाराच्या काट्यावर एकदा तोलून पाहावे.