बधिर होणारे हात

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्रीत कास्टिंग साच्यातून निघालं की त्याच्या कडांचं जादा लोखंड घासून काढावं लागतं. हे फेटलिंगचं काम. कामगार ओणवा होऊन दोन्ही हातांनी ग्राइंडर दाबून धरतो. ठिणग्या आणि धूळ सगळ्यांना दिसते, म्हणून चष्मा-मास्कची आठवण तरी होते. मशिनची थरथर मात्र कुणाला दिसत नाही. ती बोटांतून मनगटात आणि पुढे कोपरापर्यंत चढते.

सुरुवात मुंग्यांनी होते. सुटी झाल्यावर बोटं बधिर राहतात, रात्री त्यानेच जाग येते. बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा आतून दुखावत जातात. मग शर्टाचं बटण लागत नाही, खाली पडलेलं नाणं चिमटीत येत नाही. थंड हवेत बोटं पांढरीफटक पडतात. आपल्या उकाड्यात ती खूण सहसा दिसत नाही, पण म्हणून आजारच नाही असं मानणं घातक आहे.

हे दुखणं नवं नाही. 1918 मध्ये डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेत, इंडियानातल्या बेडफर्ड इथे हवेच्या दाबावर चालणारी हातोडी वापरणाऱ्या पाथरवटांची अशीच पांढरी पडलेली बोटं तपासली होती.

युरोपने 2002 मध्ये मर्यादा ठरवली: आठ तासांच्या हिशेबाने थरथरीचं त्वरण सेकंद-वर्गाला 5 मीटरच्या वर जाता कामा नये, 2.5 झालं की मालकाने उपाय सुरू करायचे. गणित निर्दय आहे. थरथर दुप्पट झाली की वेळेची मुभा निम्मी होत नाही, चौथाई होते. 10 मीटरच्या मशिनवर दोन तासांत मर्यादा संपते.

नुसते हातमोजे देऊन भागत नाही. ग्राइंडरची थरथर ते फारशी अडवत नाहीत. झिजलेली, तोल गेलेली चाकं वेळेवर बदलणं, कमी थरथरणारी मशिनं घेणं आणि माणसं आलटून-पालटून लावणं, खरा फरक यानेच पडतो. मशिन मुठीत गच्च आवळलं की थरथर जास्त शिरते. तंबाखूने रक्तवाहिन्या आणखी आकसतात.

मालकांनो, ग्राइंडर रोज प्रत्येकाच्या हातात किती वेळ चालतो, ते लिहून ठेवा. आणि फेटलिंगवाल्या मित्रांनो, मुंग्या येऊ लागल्या तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना हाताचं दुखणं सांगाल तेव्हा हातातलं मशिनही सांगा. नस एकदा मेली की ती पुन्हा नीट होईलच असं नाही.