एका बटणापायी कीबोर्ड फेकू नका

साकीनाक्याहून खैरानी रोडला वळलं की गाळ्यांची रांग सुरू होते. लेथ, प्रेस, पॉलिशिंग, पॅकिंग. आणि कोपऱ्यातल्या टेबलावर बिलं-चलनं काढायचा एक संगणक. हवेत धातूची बारीक पूड, पावसाळ्यातला दमटपणा, टेबलावर कटिंग चहा. कीबोर्डचे तिन्ही वैरी एकाच खोलीत. मग एक दिवस एखादं बटण दगा देतं आणि त्या एका अक्षरापायी अख्खा कीबोर्ड भंगारात जातो. साध्या, मेम्ब्रेनच्या कीबोर्डचं एक वेळ ठीक आहे. त्याच्या सगळ्या बटणांखाली रबर आणि पातळ पडदे असतात, सुटं काही बदलता येत नाही. मेकॅनिकल कीबोर्ड मात्र फेकायची वस्तूच नव्हे. त्यात प्रत्येक बटणाला स्वतंत्र स्विच असतो.

आपल्याकडे हा प्रकार घरोघरी नाही, पण ऑफिसांत पोचला तो ‘टीव्हीएस गोल्ड’ या कीबोर्डमुळे. टाइपरायटरवर बसलेला हात त्याच्या टकटक आवाजाला लगेच रुळला. गोदरेजने 1955 मध्ये सुरू केलेलं टाइपरायटरचं उत्पादन 2009 मध्ये थांबवलं, पण टायपिंगची गरज काही संपली नाही. लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी नोकरीला मिनिटाला मराठीत 30 किंवा इंग्रजीत 40 शब्दांचा वेग लागतो. तिथे एक अडणारं बटणही महागात पडतं.

टीव्हीएस गोल्डमध्ये बरीच वर्षं जर्मनीच्या चेरी कंपनीचे निळे स्विच असत. आत एक स्प्रिंग, एक दांडा आणि धातूच्या दोन पट्ट्या. बटण साधारण 2 मिलिमीटर खाली गेलं की पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि अक्षर उमटतं. तळापर्यंतचा प्रवास 4 मिलिमीटरचा. पट्ट्या टेकताना क्षणभर थरथरतात. ती थरथर कीबोर्डमधली चिप काही मिलिसेकंद थांबून गाळून टाकते. संपर्कावर कचरा किंवा चहाची साखर बसली, पट्टी मलूल झाली, की थरथर लांबते आणि चिपला वाटतं बटण दोनदा दाबलं. मराठीत हा बिघाड लपत नाही. इन्स्क्रिप्ट या कळमांडणीत काना इंग्रजी ‘ई’च्या बटणावर आहे. तो दोनदा पडला की दुसऱ्या कान्याशेजारी ठिपक्यांचं वर्तुळ उभं राहतं.

आता दुरुस्ती. आधी कीबोर्डची वायर काढा, बटणाची टोपी वर ओढून काढा, आतला दांडा दाबून धरा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब सोडा. पन्नासेक वेळा दाबा-सोडा करा, पूर्ण वाळू द्या. सॅनिटायझर मुळीच नको. त्यातलं ग्लिसरीन आत चिकटून बसतं. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं.

नाही भागलं तर कीबोर्ड उघडा. मागच्या हिरव्या बोर्डावर त्या स्विचच्या दोन पायांना दिलेला डाक दिसेल. कीबोर्ड पुन्हा संगणकाला जोडा आणि चिमट्याच्या टोकांनी ते दोन पाय क्षणभर एकमेकांना भिडवा. वीज फक्त 5 व्होल्टची, भीती नाही. मात्र चिमटा शेजारच्या पायांना लागू देऊ नका. अक्षर उमटलं तर दोष स्विचचा, बोर्ड ठणठणीत. नाही उमटलं तर बोर्डावरची तांब्याची रेघ तुटली असेल किंवा डायोड गेला असेल. तेव्हा स्विच बदलून उपयोग नाही. आडव्या किंवा उभ्या ओळीतली बरीच बटणं एकदम गेली, तरी शंका बोर्डावरच घ्यायची. माझ्या मते ही चिमट्याची चाचणी म्हणजे अर्धी दुरुस्ती. ती न करताच स्विच उपटणारे फार.

स्विच काढायचा तर पुन्हा वायर काढा. जुन्या डाकावर आधी थोडा नवा डाक द्या. ऐकायला उलटं वाटतं, पण त्याने जुना लवकर वितळतो. वितळल्या क्षणी डीसोल्डरिंग पंपाने ओढून घ्या. दोन्ही पाय भोकात मोकळे हलू लागले की वरून स्विचच्या खाचा दाबून तो अलगद उचला. जबरदस्ती केली तर बोर्डावरची तांब्याची टिकली उखडते, आणि ते दुखणं मोठं. नवा स्विच बसवताना पाय सरळ आहेत ना ते पाहा. प्रत्येक पायाला दोन-तीन सेकंदांचा चटका पुरतो. नवा मिळाला नाही तर ‘स्क्रोल लॉक’चा स्विच काढून तिथे लावा. त्या बटणाला वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही.

नवा स्विच वडापावाच्या आसपासच्या किमतीत मिळतो. डाक देता येत नसेल तर मोबाइल दुरुस्त करणारा कुठलाही कारागीर पाच-दहा मिनिटांत हे काम करील. त्याच्याकडे जाताना स्विच बरोबर न्या. दिवाळीच्या साफसफाईत कीबोर्ड भंगारवाल्याला देण्याआधी चिमट्याची चाचणी तेवढी करून बघा.